पू कुठून आला?



डॉक्टरांच्या मेळाव्यात अध्यक्षाने एकाच आजारावर बोलू नये, व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं, असं मला काही मित्रांनी सुचवलं. त्यांची क्षमा मागून मी आज यकृतातल्या गळवाबद्दलच बोलणार आहे, आणि तेही जीवाणूंमुळे होणाऱ्या. त्याला कारण आहे माझा एक जुना रुग्ण.

मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो. पन्नाशीतले एक शेतकरी वॉर्डात आले. मधुमेह, दहा दिवस थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली हात ठेवू देईनात. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात मोठं गळू दिसलं. आपल्याकडे यकृतात गळू म्हणजे अमीबाचं, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मेट्रोनिडाझोल सुरू केलं आणि सुईने पू काढला. तो पू मला आजही दिसतो. अमीबाचा पू चॉकलेटी, विटकरी असतो. हा पिवळट आणि दाट होता. मी तो पाहिला, किडनी ट्रेमध्ये रिकामा केला आणि ट्रे धुवायला दिला.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उजव्या डोळ्यापुढं धुकं धरल्यासारखं झालंय." तापाने अशक्तपणा आला असेल, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या डोळ्याला उजेडही कळत नव्हता. पुढे औषधं बदलली, माणूस वाचला, डोळा गेला. जंतू कोणता होता हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण ते सांगू शकणारी एकच गोष्ट मी मोरीत ओतली होती.

तैवानच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये असेच रुग्ण नोंदवले होते: यकृतात क्लेब्सिएल्ला न्युमोनीचं गळू आणि रक्तावाटे डोळ्यात पोचलेला संसर्ग. पुढे असे रुग्ण वाढत गेले, आशियाभर दिसू लागले. त्यांत मधुमेही फार. पित्तनलिकेत खडा नाही, आतड्यात काही नाही, तरी गळू. या जंतूभोवती जाड, चिकट आवरण असतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो सहजासहजी गिळता येत नाही. प्रयोगशाळेत त्याच्या वसाहतीला लूप लावून वर उचललं की तार निघते. लाडवाचा पाक दोन बोटांत धरून बघतो ना, तशी. ही तार ५ मिलिमीटरपेक्षा लांब निघाली तर सावध व्हायचं. इतकी साधी परीक्षा, पण त्यासाठी पू प्रयोगशाळेत पोचायला हवा. आणि खेड्यापाड्यात घरटी मधुमेह शिरलेला असताना हा आजार दूरच्या बेटाचा म्हणून सोडून देणं आपल्याला परवडणार नाही.

एरवी यकृत हे या दुखण्याचं मूळ घर क्वचितच असतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येतं. पोटात कुठेही पू झाला की त्याची वाट यकृताकडे जाते. न्यू ऑर्लिन्समध्ये ऑक्सनर आणि डीबेकी यांनी १९३८ साली हा आजार तपशिलात मांडला, तेव्हा त्याच्या मुळाशी बहुधा फुटलेलं अपेंडिक्स असे आणि रुग्ण तरुण असत. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रिया वेळेवर होऊ लागल्या, प्रतिजैविकं आली आणि पित्तमार्गाचे आजार पुढे आले. म्हणून गळू रिकामं झालं की काम संपलं असं मानू नका. पित्तनलिका पाहा, मोठं आतडं पाहा. क्लेब्सिएल्लाच्या गळवामागे मोठ्या आतड्याचा कर्करोग लपलेला सापडल्याच्या नोंदी आहेत. किनारपट्टीच्या मित्रांना मुद्दाम सांगतो, गिळलेला माशाचा काटा जठर भेदून यकृतात रुतल्याचीही उदाहरणं आहेत.

पण मूळ शोधण्याआधी गळू ओळखायला हवं. सुश्रुतांनी अंतर्विद्रधीच्या, म्हणजे शरीराच्या आत होणाऱ्या गळवांच्या, जागा सांगताना यकृत सांगितलं आणि त्याचं लक्षण म्हणून श्वास, म्हणजे धाप, सांगितला. मला याचं फार अप्रूप वाटतं. सोनोग्राफी नाही, एक्स-रे नाही, आणि श्वासपटलाखालचं दुखणं छातीत बोलतं हे त्यांनी टिपलं. आपण मात्र उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पाणी दिसलं की न्यूमोनिया लिहून मोकळे होतो.

उपचाराची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. पोट उघडून पू काढणं हाच राजमार्ग मानला जात असताना हाँगकाँगच्या मॅकफॅडझीन आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लागोपाठ १४ रुग्ण केवळ सुई आणि प्रतिजैविकांवर बरे केल्याचं प्रसिद्ध केलं. सोनोग्राफी आणि सीटी हाताशी येईपर्यंत त्याकडे फारसं कोणी वळलं नाही. आज ५ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गळवात आपण पू वाहून जाण्यासाठी पिगटेल नळी ठेवतो, साधारण चार ते सहा आठवडे प्रतिजैविकं देतो, आणि बहुसंख्य रुग्ण चालत घरी जातात.

माझं मागणं मोठं नाही. ताप आणि उजव्या कुशीतलं दुखणं घेऊन मधुमेही माणूस आला, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्त कल्चरला काढा. तब्येत ढासळलेली असेल तर डोस मुळीच थांबवू नका, पण रक्त काढायला दोन मिनिटं लागतात. पू कापसाच्या बोळ्यावर पाठवू नका; हवेत न जगणारे जंतू वाटेतच मरतात आणि अहवाल 'वाढ नाही' असा येतो. सिरिंजमधली हवा काढून, तोंड बंद करून, ताबडतोब पाठवा. आणि रोजच्या राउंडला रुग्णाला विचारा, "दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतंय ना?" हा प्रश्न मी त्या शेतकऱ्यांनंतर एकाही रुग्णाला विचारल्याशिवाय राहिलेलो नाही.

दुपारच्या सत्रात आपल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ भगिनी पू कसा भरायचा, कसा पाठवायचा आणि ती तार कशी ओढून बघायची, हे प्रत्यक्ष दाखवणार आहेत. जेवण आटोपून वेळेवर या. मी पहिल्या रांगेत बसलेलो असेन.