भाग: कपाचा कान

आज कोड नाही, कप. माझी ताई मातीची भांडी बनवते. पुण्याहून नागपूरला 6 मग पाठवले, 4 फुटले. चारही कानाशी तुटलेले. ‘नाजूक’ असं मोठं स्टिकर लावलेलं होतं हो! पण खोका बेल्टवरून घसरतो, त्यावर दुसरे रचले जातात; तिथे स्टिकर कोण वाचतंय? ताई म्हणाली, “आता बाहेरगावी पाठवणं बंद.”

मी म्हटलं, थांब, आधी चूक शोधू. मग एकमेकांना टेकलेले होते, म्हणजे भांड्यानंच भांडं फोडलं.

आता आम्ही काय करतो? कानाच्या पोकळीत आणि मगच्या पोटात चुरगळलेला कागद. प्रत्येक मगला बबल रॅपचे 2-3 थर. ताटल्या आडव्या नाही, उभ्या. मग छोटा खोका मोठ्या खोक्यात, तळासकट सगळीकडून 5 सेंमी भरण. शेवटी खोका हलवायचा. आत काही सरकलं, की पुन्हा उघडायचा.

एक बिघडलेला मग असाच बांधून टेबलावरून पाडला. शाबूत! त्याच ग्राहकाला पुन्हा 6 पाठवले, सहाही धड पोचले. ताईचं चाक चालू आहे.

भेटू पुढच्या भागात!