वळणावरची कटकट

मोटार सरळ रस्त्यानें निमूट धांवते, आणि वळण येतांच पुढच्या चाकापाशीं ‘कट्-कट्’ असा आवाज करूं लागते. ज्या गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतो, त्यांची ही ठराविक तक्रार होय. १९८३ सालीं निघालेली मारुति ८०० त्याच जातीची.

अशा चाकाला फिरावें लागतें आणि वळावेंहि लागतें. म्हणून आंसाच्या टोकाशीं सांधा असतो; त्यांत बहुधा सहा पोलादी गोळ्या खोबणींतून सरकतात. वरचें रबरी आवरण फाटलें कीं ग्रीस उडून चाकाच्या आंतल्या बाजूस माखतें, धूळ आंत शिरते, खोबणी झिजतात.

मोकळ्या मैदानांत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी, दोन्ही बाजूंनीं. वेगाबरोबर कटकट वाढली, तर संशय सांध्यावर घ्यावा. उभ्या गाडींतहि स्टिअरिंग फिरवतांना आवाज आला, तर दोष बहुधा अन्यत्र आहे. टायरींत रुतलेला खडा मात्र सरळ रस्त्यावरहि वाजतो. तो आधीं पाहावा, नाहींतर खड्यापायीं सांध्याचे पैसे भरावे लागतील!

आवाजापूर्वीं फाटकें आवरण सांपडलें, तर नवें आवरण व ग्रीस यांवर बहुधा भागतें. आवाज सुरू झाल्यावर सांधा बदलणेंच इष्ट. तो तुटला, तर इंजिन चालू असूनहि गाडी भररस्त्यांत जागची हालत नाहीं.