खेळता खेळता सूर
(प्राथमिक शाळेतील पालक व शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



प्रारंभीच कबूल करतो की मी संगीताचा जाणकार नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि उभे आयुष्य कापडाच्या पेढीवर घालविले. तरीही लहान मुलांच्या संगीतशिक्षणावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्यास कारण घडले आहे.

मी चौथीत असताना शाळेच्या समूहगीतात होतो. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी गुरुजींनी मला मागच्या रांगेत उभे केले व म्हणाले, ‘तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस.’ कार्यक्रम चांगला व्हावा, एवढाच त्यांचा हेतू असावा. परंतु त्या दिवसापासून माझे गाणे थांबले. घरी आरती सुरू झाली की आजही मी टाळ्या वाजवितो, ओठ हलवितो. आवाज मात्र निघत नाही. गेल्या वर्षी दुसरीत शिकणारी माझी नात म्हणाली, ‘आजोबा, मला गाता येत नाही, शाळेत सांगितलंय.’ ते ऐकून मन विषण्ण झाले. मग मी जाणकारांना विचारू लागलो, पुस्तके चाळू लागलो. त्यातून जे उमगले ते आपणासमोर ठेवतो.

संगीत निवडक लोकांसाठीच असते, हा समज आपल्याच मातीतील एका थोर पुरुषाने दूर सारला. कुरुंदवाड येथे 1872 साली जन्मलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि सामान्य घरातील मुलामुलींना गाणे शिकण्याची वाट खुली केली. युरोपातही विसाव्या शतकात असेच विचार रुजले. हंगेरीचे झोल्तान कोदाय यांनी मातृभाषेतील लोकगीतांपासून आरंभ करण्याचा आग्रह धरला. जर्मनीचे कार्ल ऑर्फ यांनी बोलणे, टाळी, पावलांचा ठेका यांतून मुलांना संगीताकडे नेले. त्यांच्या लहान वाद्यांच्या पट्ट्या काढता येतात. नको त्या स्वराची पट्टी बाजूला ठेवली की मुलाकडून बेसूर वाजतच नाही. ही युक्ती मला फार आवडली. चूक काढण्याआधी चुकीची जागाच कमी करावयाची!

आता घरी वा वर्गात सहज करता येतील असे चार खेळ सांगतो.

पहिला खेळ ठेक्याचा. मुलांना गोलात बसवावे. दादरा तालाच्या सहा मात्रा: धा धी ना, धा ती ना. पहिल्या ‘धा’ला टाळी, चौथ्या मात्रेला हात उघडा, म्हणजे खाली, उरलेल्या मात्रा बोटांवर. आम्हा कापडवाल्यांना हे लगेच समजते. छापील कापडावर एकच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते, तशीच ही सम पुन्हा पुन्हा येते. ती कोठे आली, हे मुलांना कळू लागले की त्यांचे चेहरे खुलतात.

दुसरा खेळ पायऱ्यांचा. खडूने जमिनीवर आठ चौकोन आखावेत, सा पासून वरच्या सा पर्यंत. मूल एकेक चौकोन पुढे जाईल तसा सर्वांनी तो तो स्वर म्हणावा. मागे येताना अवरोह. कोदायांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराला हाताची निराळी खूण असते व स्वर चढला की हातही वर जातो. जो स्वर कानाला कळत नाही, तो अशा रीतीने पायांना व हातांना कळतो.

तिसरा खेळ वाडग्यांचा. चिनी मातीचे लहान-मोठे पाच वाडगे घ्यावेत. पाणी वाढविले की आवाज खाली उतरतो, कमी केले की चढतो. पेटीशी जुळवून सा रे ग प ध एवढेच स्वर लावावेत. हे भूप रागाचे स्वर. मुलांनी लाकडी काडीने कोणत्याही क्रमाने वाजविले तरी कानाला गोडच लागते. जलतरंगाचे तत्त्व हेच.

चौथा खेळ ओळखण्याचा. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलाने किल्ल्यांचा जुडगा, डबा, घंटा यांचा आवाज ओळखावा. नंतर मित्रांचे आवाज ओळखावेत. उत्तम ऐकणे हीच गाण्याची पहिली पायरी आहे.

आणखी एक मोलाची गोष्ट. मुलांचा आवाज उंच असतो. मोठ्यांनी, विशेषतः पुरुषांनी, आपल्या पट्टीत गाऊन घेतले की लहान मुलांना तो स्वर फार खाली पडतो आणि ती बेसूर वाटू लागतात. पट्टी वर नेली की त्यांतील अनेकांना सूर सापडतो. आमचे गुरुजी स्वतःच्या पट्टीतच गाऊन घेत असत. दोष कदाचित माझ्या गळ्याचा नव्हता, हे मला साठी उलटल्यावर उमगले!

म्हणून शिक्षकांना व पालकांना हात जोडून विनंती आहे. प्राथमिक वर्गात मुलांची गाणारी व न गाणारी अशी विभागणी करू नका. सूर जुळावयास वेळ लागत असेल त्याला ठेका द्या, घंटा द्या, वाडगे द्या. परंतु ‘गप्प राहा’ असे म्हणू नका. खडू, वाडगे, टाळ्या यांस खर्च असा नाहीच, आणि व्यापारी म्हणून सांगतो, एवढ्या थोड्या भांडवलावर एवढा नफा मी अन्यत्र पाहिला नाही.

आमच्या घरी हे खेळ सुरू झाल्यापासून नात पुन्हा गुणगुणू लागली आहे. परवा आरतीच्या वेळी तिने माझ्याकडे पाहून हात वर नेला, अर्थात ‘स्वर चढवा’. मी अर्धी ओळ मोठ्याने म्हटली. सूर किंचित हलला, पण कोणी हसले नाही.