विहिरींच्या मधली जागा

नेकनूरच्या पोरांना कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवतो म्हटलं की लोक विचारतात, सिनेमात कामाला लावणार का? नाही हो. आपल्याकडं आधी पाणी दाखवायचंय.

क्यूजीआयएस फुकट मिळतं. 2000 च्या फेब्रुवारीत एन्डेव्हर यानानं 11 दिवसांत रडारनं मोजलेल्या जमिनीच्या उंचीही फुकट, 30 मीटरच्या चौकटीत. त्यावरून पोरं बालाघाटाचे डोंगर स्क्रीनवर उभे करतात. उंची पाचपट ताणली की साध्या टेकाडाचा सह्याद्री होतो, म्हणून किती ताणली ते नकाशावर लिहायचंच.

खरी मेख पुढं आहे. आठ-दहा विहिरींची पातळी भरली की सॉफ्टवेअर मधली सगळी जमीन गुळगुळीत निळी करून देतं. पण आपला खडक बेसाल्ट. पाणी फटींत किंवा झिजलेल्या थरात. एका बांधावर बोअरला पाणी, पलीकडच्या बांधावर नुसता धुरळा. असा निळा नकाशा पोरानं घरी दाखवला की बाप विचारणारच, "मग इथंच घेऊ का बोअर?" आणि बोअर कर्ज काढून घेतात हो.

म्हणून आमच्याकडं मोजलेल्या विहिरींचे ठिपके ठळक, मधली जागा कोरी. चित्र देखणं होत नाही, मान्य. पण कोरी जागा पोरांना खुपते. मग मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात एकदा, टेप घेऊन ती उरलेल्या विहिरींवर जातात.