आगोटीची पुस्तकं



मे महिना अर्ध्यावर आला की आमच्या चौलात घरोघरी आगोटीची लगबग सुरू होते. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. पडवीला झापं बांधायची, लाकूडफाटा आणि शेणी कोरड्यात रचायच्या, कडव्या वालांना ऊन दाखवून ते डब्यात भरायचे. आमसुलं, मीठ, मिरची झाली की ज्यांच्याकडे चालतं त्यांच्याकडे बोंबील, सोडे, सुकट. मृगाचा पाऊस एकदा लागला की चार महिने घरातलं घरातच पुरवायचं, हा कोकणातला जुना हिशेब. आज मी बोलणार आहे ती या बेगमीत सहसा न येणाऱ्या एका जिनसेविषयी, पुस्तकांविषयी.

मी शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी गावातल्या वाचनालयात बसते. पाऊस सुरू झाला की मुलं येतात, सुना येतात, वाडीतली शिंपणी थांबल्यामुळे मोकळे झालेले बागायतदार येतात आणि म्हणतात, ‘‘बाई, काहीतरी चांगलं द्या.’’ पूर्वी मी त्यांना नावाजलेली पुस्तकं काढून द्यायचे. त्यातली बरीचशी दहाव्या पानावर खूण राहून परत यायची. मग मी वेगळा प्रयोग केला. माणसानं रोज डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या गोष्टीला ज्याचं टोक बांधलेलं आहे, असं पुस्तक मी आधी देऊ लागले. तिथून तो वाचक कुठवर जाईल ते त्याच्यावर सोपवलं. आणि चौलच्या माणसाला अशी टोकं पावलोपावली सापडतात.

शेजारच्या रेवदंड्यात अफनासी निकितिन या रशियन प्रवाशाचा स्मृतिस्तंभ आहे. आपण एस.टी.नं त्याच्या जवळून शंभरदा गेलेलो असतो. हा त्वेर शहरातला व्यापारी. होर्मुझहून जहाजात बसला, सोबत विकण्यासाठी एक घोडा घेतला आणि १४७० च्या आसपास आपल्या चौल बंदरात उतरला. त्याआधी व्होल्गाच्या मुखाशी त्याला लुटलं होतं, आणि लुटीत त्यानं बरोबर आणलेली पुस्तकंही गेली होती. त्या पुस्तकांतून त्याला आपल्या धर्मातले सणवार कळायचे. ती गेली आणि ईस्टर कधी, उपवास कधी, हे त्याला परमुलखात उमगेना. या गोष्टीची खंत तो पुनःपुन्हा लिहितो. पैसा गेला त्यापेक्षा पुस्तकं गेली याचं दुःख मोठं मानणारा माणूस आपल्या किनाऱ्याला लागला होता, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

चौलात लोक उघड्या अंगानं हिंडतात, बायका डोकं झाकत नाहीत, आणि आपण गोरे म्हणून सगळे आपल्याकडे टक लावून पाहतात, असं त्यानं टिपून ठेवलं आहे. चौलहून पालीला पोचायला आठ दिवस लागले, तिथून पुढे घाट चढून जुन्नर. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, तर घोडा परत देतो, असं सांगितलं. खुरासानचा एक मुसलमान गृहस्थ मध्ये पडला आणि निकितिनचा धर्मही वाचला, घोडाही. जुन्नरात त्यानं पावसाळा काढला. चार महिने जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, आणि अशातच इथले लोक नांगरतात, पेरतात, याचं त्याला नवल वाटलं. आपल्या पावसाकडे परक्या डोळ्यांनी एकदा पाहून घ्यावं. मग आपल्यालाही तो वेगळा दिसतो. निकितिन परतीच्या वाटेवर, घरी पोचण्याआधीच वारला. त्याच्या हातच्या वह्या मात्र मॉस्कोला पोचल्या. १८५७ साली लंडनच्या हॅक्लुट सोसायटीनं पंधराव्या शतकातल्या हिंदुस्थानावरच्या प्रवासवर्णनांचा जो ग्रंथ काढला त्यात त्याचं इंग्रजी भाषांतर आहे. पुस्तक जुनं असल्यानं इंटरनेटवर मोफत वाचता येतं. तीसेक पानांचा मजकूर, इंग्रजीही फार अवघड नाही. नववी-दहावीच्या मुलांनी बेधडक हाती घ्यावं. ज्यांना आधी गोष्ट पाहायची आहे त्यांच्यासाठी ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन दिग्दर्शकाबरोबर केलेला १९५७ चा ‘परदेसी’ हा चित्रपट आहे.

आता वाडीत चला. तुमच्या परसात पोफळी आहेत ना? गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य होता. मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे खंडानं होतं. १५६३ साली गोव्यात त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या ग्रंथांपैकी तो एक. सगळा ग्रंथ दोन वैद्यांच्या संवादात लिहिलेला आहे. एक ओर्ता स्वतः आणि दुसरा नुकताच युरोपातून आलेला, हजार शंका विचारणारा पाहुणा. त्यात आंबा आहे, नारळ आहे, हिंग आहे, आणि ‘फौफल’ नावाचं एक प्रकरण आहे. फौफल हा अरबी शब्द. संस्कृतातलं पूगफल, आपलं पोफळ, अरबांचं फौफल. अरबी गलबतांतून सुपारी गेली आणि तिच्याबरोबर तिचं नावही गेलं. हे मी एका बागायतदाराला सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘म्हंजे आमचाच शब्द!’’ नंतर त्यानं मला वनस्पतींवरची तीन पुस्तकं एका पावसाळ्यात मागितली.

ओर्ता ग्रीक आचार्यांनी लिहिलेलं डोळे मिटून मानत नाही. मी पाहिलं, मी चाखलं, इथल्या हकीमांना आणि वैद्यांना विचारलं, असं तो सांगतो. जिज्ञासू माणूस म्हणजे काय हे एका पुस्तकातून दाखवायचं झालं तर मी हेच पुस्तक दाखवीन. चार वर्षांत त्याचा लॅटिन संक्षेप युरोपात निघाला. ओर्ता ज्यू वंशाचा. त्याच्या मृत्यूनंतर धर्मसभेनं, म्हणजे इन्क्विझिशननं, १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. त्याचा ग्रंथ मात्र आजही वाचला जातो. १९१३ चं मार्कम यांचं इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे.

चौलचा इतिहास सलग वाचायचा असेल तर डॉ. जोसेफ जर्सन द कुन्हा यांचं १८७६ चं चौल आणि वसईवरचं इंग्रजी पुस्तक गाठा. गोव्यात जन्मलेले, मुंबईत वैद्यकी करणारे हे गृहस्थ रुग्ण तपासून उरलेल्या वेळात जुनी नाणी आणि कागद जमवत. थोडं जुन्या वळणाचं लिखाण आहे, काही अनुमानं आता मागे पडली आहेत, पण रेवदंड्याच्या तटात फिरताना ते हातात असावं. त्यातून कळतं की आपलं चौल टॉलेमीच्या भूगोलात सिमुल्ला म्हणून येतं, आणि दहाव्या शतकात अल मसुदी या अरब लेखकानं ते सैमूर म्हणून आपल्या ‘सोन्याची कुरणं’ या ग्रंथात नोंदवलं. आणि द कुन्हांचं पुस्तक मिळालं नाही तर अक्षीला जा. तिथला शिलालेख अभ्यासक शके ९३४ चा, म्हणजे इसवी १०१२ चा मानतात. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक. चौलहून अर्ध्या तासाच्या वाटेवर देवनागरी लिपीत कोरलेलं आपलं हजार वर्षांपूर्वीचं वाचन उभं आहे.

कादंबरी हवी म्हणणाऱ्यांना मी एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचेल’ सुचवते. २००६ ची ही इंग्रजी कादंबरी आपल्याच किनाऱ्यावर, दांड्यात घडते. गावातले बहुतेक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, इस्रायलला निघून गेले आहेत आणि रेचेल नावाची एकटी बाई तिथलं सिनेगॉग झाडून-पुसून सांभाळते आहे. जमिनीवर डोळा ठेवून माणसं येतात, ती त्यांच्याशी झुंजते. प्रत्येक प्रकरणात एक पदार्थ आहे, आणि ते पदार्थ वाचताना आपल्या स्वयंपाकघराचा वास येतो, कारण नारळाचं दूध, तांदूळ आणि मासळी त्यांचीही तीच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना आपण शनिवार तेली म्हणत आलो, ती ही आपली माणसं. त्यांची आडनावंही आपल्या गावांवरून. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा आठवतो? ते नट डेव्हिड, त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे चौल.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. त्या दिवसांत कोळीवाड्यातला एक मुलगा ‘एका कोळियाने’ घेऊन गेला. हेमिंग्वेच्या कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला हा अनुवाद. मुलानं ते आपल्या आज्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. चौऱ्याऐंशी दिवस मासा न लागलेला म्हातारा एकटाच खोल समुद्रात जातो, हे ऐकून आज्यानं वाचन थांबवलं आणि विचारलं, ‘‘पोरगा बरोबर का नव्हता?’’ त्या पुस्तकातला म्हातारा भर समुद्रात नेमकं हेच तळमळून म्हणत असतो. ज्यानं कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्या माणसानं कादंबरीच्या काळजावर बोट ठेवलं. पुलंनीच मनोहर माळगावकरांचं कान्होजी आंग्रे यांच्यावरचं चरित्रही मराठीत आणलं आहे. अलिबागला सरखेलांच्या समाधीवरून जाणाऱ्यांनी ते वाचल्याशिवाय राहू नये.

आणि एक पुस्तक मी कुणालाही हात जोडून देते. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. पेण तालुक्यातल्या वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक. उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली काकांबरोबर निघाला आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. राणीला त्यानं पाहिलं, कत्तल पाहिली, वाटेत कितीदा लुटला गेला. मिळवलेलं बहुतेक गेलं, पण काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो वरसईला आला आणि आईवडिलांना त्या पाण्यानं स्नान घातलं. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यानं हे सगळं लिहिलं. वैद्यांनी १९०७ साली ते काटछाट करून छापलं. मूळ मजकूर १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केला. घेताना पोतदारांची प्रत मागा. भटजींची खरी बोली तिच्यात आहे. रशियातून एक माणूस आपल्या बंदरात आला आणि आपल्या जिल्ह्यातून एक माणूस झाशीला गेला. दोघंही लुटले गेले आणि दोघांनीही लिहून ठेवलं. ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचा.

यापुढची नावं भराभर सांगते. दारात पागोळ्या गळत असताना व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचा. माणदेशातला दुष्काळ मग अंगाला जाणवतो. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ एका बैठकीत वाचू नका. जो महिना चालू आहे तेवढंच प्रकरण वाचावं आणि खिडकीबाहेर पाहावं. दसऱ्यानंतर आभाळ निवळलं की जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ काढावं.

श्रोतेहो, लहान गावातल्या वाचनालयाला नवीन पुस्तकं घ्यायची असतात, पण लोक काय मागतात ते कळलं तर. तिथे मागणीची वही असते, आणि ती बहुतेक कोरी असते. आगोट भरायला अजून दोन आठवडे आहेत. बाजारात वाल आणि मिरची घ्यायला निघाल तेव्हा वाटेत आपल्या गावच्या वाचनालयात थांबा आणि त्या वहीत एका पुस्तकाचं नाव लिहा. आमचं वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं.