हिवाळ्यातील मोहोळ



युरोपच्या उत्तरेकडे बर्फ पडू लागले की फुले संपतात आणि कीटक दिसेनासे होतात. कोणी अंड्याच्या, तर कोणी कोशाच्या रूपात निद्रिस्त होतो. मधमाशी मात्र निजत नाही. तिचे सारे कुटुंब जागेपणी हिवाळा काढते.

शरदात नर माश्यांची हकालपट्टी होते. थंडी वाढताच कामकरी माश्या राणीभोवती एकमेकींना बिलगून दाट घोस करतात. पंख न हलविता, केवळ उड्डाणाचे स्नायू थरथरवून त्या ऊब निर्माण करतात. बाहेर पाणी गोठलेले असतानाही घोसाच्या गाभ्यात तापमान २० अंशांहून अधिक असते. पिलावळ असल्यास ते ३५ अंशांच्या आसपास राखले जाते. या उबेचे इंधन एकच, साठविलेला मध.

जातीपरत्वे रीत बदलते. आल्प्सच्या परिसरातील कार्निओलन माशी लहान कुटुंबानिशी काटकसरीने हिवाळा काढते. सौम्य हवेत वाढलेली इटालियन माशी कुटुंब मोठे राखते. साहजिकच तिला मध अधिक लागतो. महाराष्ट्रात सातेरी म्हणून परिचित असलेली माशी पोकळीत पोळी बांधते. तिच्याच जातीला काश्मीर-हिमाचलात घरांच्या भिंतींत आसरा देण्याची जुनी चाल आहे. आग्या माशीची हिमालयातील सख्खी आप्त उंच कड्यांवर उघड्यावर पोळे बांधते. हिवाळ्यात ती ते सोडून खालच्या दऱ्यांत उतरते.

उन्हाळ्यातील कामकरी माशीचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे. शरदात जन्मलेली मात्र चार-सहा महिने जगते. म्हणजे ज्यांनी मध जमविला, त्यांतील बहुतेकींच्या वाट्याला तो येतच नाही. आणि ज्या त्यावर जगतात, त्या वसंतातील नवी पिढी वाढवून निघून जातात. कडक थंडीत एका कुटुंबाला २० ते ३० किलो मध लागू शकतो. जाणता पालक म्हणूनच आधी मोहोळाचा वाटा मोजतो, मग आपला घेतो. हाव धरणाऱ्याला वसंतात रिकामी पेटी उघडावी लागते.

शंभर वर्षांच्या ग्रंथसंग्रहाचेही असेच आहे. पहिली कपाटे भरणारे हात आज नाहीत. त्यांच्या साठ्यावर वाढलेल्या वाचकांनी पुढच्या हिवाळ्यासाठी काय राखून ठेवले, याचा हिशेब शताब्दीच्या दिवशी व्हावा, हेच उचित.