प्लॉटची आपली जागा होते तेव्हा
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)

भूगोल म्हणजे नद्या, डोंगर, नकाशे, असं आपण शाळेत शिकलो. मानवी भूगोल विचारतो : माणूस एखाद्या जागेला 'आपली' कधी म्हणतो?

यि-फू तुआन या अभ्यासकाने १९७७ च्या 'स्पेस अँड प्लेस' या पुस्तकात मांडलं, की नुसती जागा अनुभवाने, सहवासाने आपली होते. आपले प्लॉट उताऱ्यावर चौरस मीटरमध्ये आहेत. पण रात्री-अपरात्री कुणाचं दार वाजवायचं, हे कुठल्या उताऱ्यावर सापडेल?

ही पुस्तकी गोष्ट नाही. सरदार सरोवर धरणात आपल्याच अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं बाधित झाली. मणिबेलीच्या शेतांची मोजणी करता येते; नर्मदेचा काठ, जंगल, देव, सोयऱ्यांकडे जाणारी पायवाट कोणत्या तक्त्यात बसवणार? तळोद्याकडच्या वसाहतींत जमीन मिळाली, तरी गाव नव्याने घडवावं लागलं.

डोरीन मॅसी या ब्रिटिश अभ्यासिकेच्या मते ठिकाण घडतं ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या संबंधांतून. येत्या सभेत मोठ्या गेटचा ठराव आहे. मत देताना भाजीवाली मावशी, दूधवाले भाऊ, मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला आपल्या रस्त्याने जाणाऱ्या बाया आठवा. गेट जरूर बसवू, पण दिवसा उघडं ठेवू. पंचवीस वर्षं त्यांच्याही पावलांनी ही सोसायटी घडली आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र!